सुदाम्याचे पोहे कोणी कांडले?

कोजागिरीचे दूध पिऊन झाले की पंढरीतील आमच्या बोळाला पूर्वी एक वास येऊ लागे. तो भाजणीचा वास. एका घरी तांदूळ भाजले जात, शेजारी हरभऱ्याची डाळ, पलीकडे उडीद आणि धणे; ते वास एकमेकांत असे मिसळत, की कोणाच्या चुलीवर काय चढले आहे हे सांगणे कठीण व्हावे. आज त्याच बोळाच्या तोंडाशी पाट्या लागतात. ‘घरगुती फराळ मिळेल’ अशी एक. ‘अनारसे, चकली, करंजी आगाऊ मागणीप्रमाणे’ अशी दुसरी. आणि रंगीत खोक्यांची चित्रे असलेली मोठ्या दुकानाची तिसरी. या पाट्यांवर आम्ही कीर्तनातून पुष्कळ वर्षे कोरडे ओढले. ते का ओढले, आणि ओढण्याचा अधिकार आम्हांस कितपत होता, हे सांगण्यासाठी आज दीपावलीच्या निमित्ताने लेखणी हाती घेतली आहे. कबुलीजबाब द्यायचा तर तो सणाच्या तोंडावर द्यावा. म्हणजे ऐकणाऱ्याचे मन थोडे मऊ असते.

आम्ही नारदीय परंपरेतले कीर्तनकार. पूर्वरंगात श्लोक लावून धरायचा, त्याचा कीस काढायचा आणि उत्तररंगात आख्यानाने श्रोत्यांच्या डोळ्यांतून पाणी काढायचे, हा आमचा पिढीजात व्यवसाय. त्यात सुदामचरित्र हे आख्यान हमखास रंगणारे. आमच्या सुदामचरित्रात एक प्रसंग असा असे: नवरा द्वारकेस निघणार, घरात द्यायला काही नाही, म्हणून सुदाम्याची पत्नी रात्रभर उखळाशी बसते आणि पोहे कांडते. मुसळाचा ठेका आम्ही चिपळ्यांवर धरीत असू. तबलजीही चांगला मिळाला तर सभा डोलू लागे. मग थांबून, उपरणे सावरून, आम्ही म्हणायचो, ‘‘आजची सुदामीण असती, तर कोपऱ्यावरून पाकीट घेऊन आली असती!’’ मंडप हसायचा. पुरुष मोठ्याने हसायचे. बायकाही हसत; निदान आमच्या समजुतीप्रमाणे हसत.

इ.स. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता. १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंतचा तो महिना. अधिक मासात जावयाला तेहेतीस अनारशांचे वाण देण्याची चाल घरोघरी आहे. आमच्याच पंढरपुरात काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी इ.स. १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ सिद्ध केला; त्यातही अधिक मासात तुपागुळासह तेहेतीस अपूप काशाच्या पात्रात घालून दान देण्याचे सांगितले आहे. अपूप म्हणजे तुपात केलेला गोड पदार्थ. त्याला जाळी असावी या समजुतीने महाराष्ट्राने अनारसा निवडला, आणि ज्या घरी तो जमत नाही तेथे बत्तासे देतात. त्या महिन्यात नदीकाठच्या एका मंदिरात आमची सात दिवसांची कीर्तने होती. पाचव्या दिवशी सुदामचरित्र लावले. मुसळाचा ठेका झाला, पाकिटाचा विनोद झाला, हशा झाला, आरती झाली.

सभा पांगल्यावर पन्नाशीच्या एक बाई खांबाशी थांबल्या होत्या. नमस्कार करून म्हणाल्या, ‘‘बुवा, एक विचारू का? पोहे तिनं कांडले, असं पोथीत आहे का?’’

आम्ही जरा चपापलो. बाईंच्या वडिलांकडे भागवताचा सप्ताह होत असे, हे पुढे कळले. म्हणालो, ‘‘आख्यानात थोडे पदरचे घालावेच लागते, बाई.’’

‘‘घालावं की. पण मग ते पाकीट कशाला घातलंत? मी अनारसे करून विकते. ह्या महिन्यात नऊ घरचं वाण माझ्याकडं आहे. त्या नऊ लेकीबाळींचं पुण्य मी विकत घेतलं का त्यांनी? एवढंच सांगा.’’

आम्हांस उत्तर सुचले नाही. ‘उद्या सांगतो’ म्हणून वेळ मारून नेली. चाळीस वर्षे व्यासपीठावर बोलणाऱ्याला असे म्हणावे लागणे ही काही लहान नामुष्की नव्हे.

घरी आल्यावर जेवताना ही हकिकत आम्ही आमच्या सौभाग्यवतींना सांगितली. सांगताना थोडी चेष्टेचीच छटा होती. त्या वाढत होत्या. वाढता वाढता थांबल्या. त्यांची बोटे काही वर्षांपासून संधिवाताने वाकली आहेत. सकाळी पातेल्याची कड धरायची तरी दोन्ही हात लावावे लागतात. त्या म्हणाल्या, ‘‘तेहेतीस अनारसे मी ह्या हातांनी थापते, असं वाटतं होय तुम्हांला?’’

मग कळले ते असे. २०१८ चा अधिक ज्येष्ठ, २०२० चा अधिक आश्विन आणि तो चालू अधिक श्रावण, अशा तिन्ही वेळी आमच्या जावयाला गेलेले वाण त्याच बाईंच्या हातचे होते. डबा दुपारी, आम्ही वामकुक्षी घेत असताना, मागच्या दाराने येई. २०२० साली टाळेबंदीमुळे जावई येऊ शकले नाहीत, तेव्हा वाण त्यांच्या नावाने देवापुढे ठेवले आणि अनारसे आम्हीच खाल्ले होते. इतकेच नव्हे तर खाताना म्हणालो होतो, ‘‘अनारसा असा हवा. विकतच्याला ही चव येणे नाही!’’

‘‘मग सांगितले का नाही?’’ आम्ही विचारले.

‘‘तुमची कीर्तनं ऐकते ना मी,’’ त्या म्हणाल्या आणि भात वाढून आत गेल्या.

वाचकहो, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. घरात कोणी चोरून मद्य आणावे तसा आमच्या घरात अनारसा चोरून येत होता, आणि त्या चोरीचे कारण आमचीच वाणी होती. पहाटे उठून भागवताची पोथी सोडली. दशम स्कंध, अध्याय ऐंशी. मूळ आम्हांस ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. ठाऊक असून सोयीसाठी डोळ्याआड केले होते. भागवत या ब्राह्मणाला सुदामा हे नावही देत नाही. नाव परंपरेने दिले. तो पत्नीला विचारतो, भेट म्हणून नेण्याजोगे घरात काही आहे काय? घरात काही नसते. तेव्हा ती शेजारच्या ब्राह्मणांच्या घरांतून चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्यात बांधून नवऱ्याच्या हाती देते. उखळ नाही, मुसळ नाही, रात्रभराचे जागरण नाही. पोहे शेजाऱ्यांचे आहेत, तयार आहेत, आणि चार घरचे असतील तर चार जातीच्या साळीचेही असतील.

पुढचा अध्याय तर आम्हांला याहून बोचला. भगवान त्याला विचारतात की माझ्यासाठी घरून काय आणलेस? लगेच पुढे गीतेच्या नवव्या अध्यायातला तोच प्रसिद्ध श्लोक येतो, ज्यात पान, फूल, फळ आणि पाणी यांपैकी भक्तीने दिलेले काहीही मी स्वीकारतो असे आश्वासन आहे. भागवतकारांनी तो शब्दशः येथे आणून ठेवला आहे. सुदामा मान खाली घालतो, पुरचुंडी पुढे करीत नाही. लाज वाटली ती मुठभर पोह्यांच्या क्षुद्रतेची, असे सर्व टीकाकार सांगतील आणि ते खरेच आहे. पण ‘घरून काय आणलेस’ हा प्रश्न ज्याच्या काखेत शेजाऱ्यांचे पोहे आहेत त्याला विचारला गेला आहे, हे त्या पहाटे आमच्या प्रथमच ध्यानात आले. पुढे काय झाले ते लेकराबाळांनाही माहीत आहे: देवाने पुरचुंडी ओढून घेतली, एक मूठ खाल्ली, दुसरीला हात घातला तेव्हा लक्ष्मीने हात धरला. हे कोणाचे, कोणी कांडले, अशी चौकशी त्याने केली नाही.

आणखी एक. पान, फूल, फळ, पाणी या चारांपैकी एकही वस्तू चुलीवर चढत नाही. आम्ही या श्लोकावर शंभर वेळा पूर्वरंग केला असेल. पण स्वयंपाकघराशी त्याचा संबंध जोडून पाहण्याची बुद्धी कधी झाली नव्हती.

येथे कोणी म्हणेल, बुवा आता बाजाराचे वकीलपत्र घेणार. तसे नाही. पण बाजार काल जन्मला नाही, एवढे मान्य करावे लागेल. कौटिलीय अर्थशास्त्रात नगराची मांडणी सांगताना शिजवलेले अन्न विकणाऱ्यांना जागा नेमून दिली आहे, आणि भात विकणाऱ्यांचा उल्लेखही नगररक्षणाच्या प्रकरणात येतो. कारागिराचा हात आणि दुकानात मांडलेला माल हे नित्य शुद्ध, असे मनूने पाचव्या अध्यायात म्हटले आहे. हे वचन शिजलेल्या अन्नापर्यंत ताणावे काय, हा प्रश्न निराळा. आम्ही ते ताणणार नाही. पण त्याच अध्यायात शिळ्या अन्नाचा निषेध करताना, जे तेलातुपात केलेले असेल ते शिळे झाले तरी खाण्यास हरकत नाही अशी सूट आहे. गव्हाचे व यवाचे पदार्थ आणि दुधाचे प्रकार यांना तर तेलतूप नसतानाही सूट आहे. म्हणजे करंजी, शंकरपाळे, चकली हा आठ दिवस टिकणारा फराळ धर्मशास्त्राने आधीच पदरात घेतला आहे. टिकणारा पदार्थ म्हणजेच प्रवासाला जाणारा, शेजारी जाणारा आणि विकला जाणारा पदार्थ.

बरे, आपल्या लक्ष्मीपूजनाचा नैवेद्य काय असतो? धणे, गूळ, साळीच्या लाह्या आणि बत्तासे. लाह्या भडभुंज्याच्या भट्टीवरून येतात. बत्तासा घरी करणारी गृहिणी आम्ही साठी उलटली तरी पाहिलेली नाही. आमच्या आजीनेही ते बाजारातूनच आणले. विठ्ठलाच्या दर्शनास येणारा वारकरी परत जाताना चुरमुरे, बत्तासे आणि बुक्का बांधून नेतो. त्यातले काही त्याच्या बायकोने केलेले नसते. वर्षातल्या ज्या रात्री घरात श्री यावी म्हणून आपण दार उघडे ठेवतो, त्या रात्रीचे ताट मुख्यतः विकतचे असते, आणि त्याबद्दल कोणा कीर्तनकाराने आजवर तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. तक्रार सुरू होते ती चकलीपाशी. का? कारण चकलीपाशी बाईचे श्रम सुरू होतात, आणि ते श्रम वाचलेले आम्हां पुरुषांना दिसतात.

मनूनेच सांगितलेल्या पाच ‘सूना’ येथे आठवतात. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या गृहस्थाच्या घरातल्या पाच हिंसास्थाने; त्यांच्या दोषाच्या निवारणार्थ गृहस्थाने पंचमहायज्ञ करावेत. हा भाग आम्ही विद्यार्थ्यांना अनेकदा शिकवला. आता हिशेब करून पाहिला तर गंमत दिसते. पाचही ठिकाणी हात बाईचा, आणि पाचही यज्ञांत संकल्प पुरुषाचा! पुढे जाते गेले, गिरणी आली. उखळ गेले. पाण्याचा घडा नळाने घालवला. जवळच गोपाळपुरास जनाबाईचे म्हणून दाखवले जाणारे जाते आहे. त्याला यात्रेकरू हात लावून नमस्कार करतात. नमस्कार योग्यच आहे. पण गिरणी सुरू झाली तेव्हा पहाटे तीनला उठणे चुकले म्हणून कोणा सासुरवाशिणीने डोळ्यांस पदर लावला असेल, असे आम्हांस वाटत नाही. ओव्या संपल्याचे दुःख आम्ही केले. खांदे दुखायचे थांबले याचा आनंद त्यांनी केला असेल. दोन्ही खरे आहे.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाही तर आम्ही प्रायश्चित्ताच्या भरात खोटे बोललो असे होईल.

रामानुजाचार्यांच्या परंपरेत अन्नाचे तीन दोष सांगतात. पदार्थाच्या स्वभावातला दोष तो जातिदोष. ज्याच्याकडून अन्न येते त्याचा आश्रयदोष. आणि केस, किडा, धूळ पडून येणारा निमित्तदोष. (छांदोग्यातील आहारशुद्धीच्या वचनावर शंकराचार्यांचा अर्थ याहून वेगळा आहे; ते आहार म्हणजे इंद्रियांनी घेतलेले सर्वच विषय असे मानतात. तो वाद येथे नको.) यांपैकी आश्रयदोषाचा आमच्या पूर्वजांनी फार दुरुपयोग केला. त्याच्या नावाखाली माणसे पंगतीबाहेर आणि देवळाबाहेर ठेवली. याच पंढरपुरात ते दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. त्या अर्थाने हा शब्द आम्ही पुन्हा उच्चारणार नाही. पण त्या शब्दात एक साधा प्रश्न लपला आहे, तो टाकू नये: हे अन्न कोणाच्या हातून आले? अनारसे करणाऱ्या बाईंच्या डब्याला या प्रश्नाचे उत्तर आहे. खोक्याला नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी सूनबाईंनी सोलापूरहून चिवड्याचे आणि लाडवांचे एक खोके आणले. त्या रोज नोकरीसाठी तेथे जातात. सकाळी सातला घर सोडून रात्री आठला परततात. आम्ही भिंग घेऊन खोक्याची पाठ वाचू लागलो. अक्षरे पंचांगापेक्षा बारीक. लाडवावर तुपाचे चित्र आणि यादीत मात्र पामतेल आधी, तूप नंतर. खाली आम्लतानियामकाचा क्रमांक, सुवासाचे द्रव्य, आणि महिन्यांनी मोजलेले आयुष्य. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, हे सूनबाईंनी सांगितले तेव्हा चित्र कशाचे आणि लाडू कशाचा हे उमगले. पूर्वी हे वाचायलाही मिळत नसे हे खरे. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानातल्या सुट्या मिठाईच्या परातीवरसुद्धा ती कोणत्या तारखेपर्यंत उत्तम ते लिहावे लागते. २०२२ पासून खाद्यतेलातुपातल्या घातक ट्रान्स चरबीला दोन टक्क्यांची मर्यादा घातली गेली. हे नव्या काळाचे निमित्तदोषशास्त्रच म्हणायचे. पण दिवाळीत खव्याचा बाजार तापतो तेव्हा परातीवरची तारीख खव्याची जात सांगत नाही. देवापुढे ठेवायचे तर तुपाचे नाव घेऊन पामतेल ठेवू नये. तेलाचे आहे म्हणून तेलाचे ठेवावे. येथे आमचा हट्ट कायम आहे.

हातच्या अन्नाचे आणि खोक्याचे अंतर ते हे. मधे मात्र एक मोठा प्रांत आहे, आणि तो आमच्या कीर्तनात कधी आलाच नव्हता. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ‘लिज्जत’चा संसार तेथून वाढला. गिरणी कामगारांना खाणावळीचे जेवण घालणाऱ्या बायकांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. ज्या कामाला घरात मोल नव्हते त्याला दाराबाहेर चार पैसे मिळू लागले. आमच्या बोळातली ‘घरगुती फराळ मिळेल’ ही पाटीही त्याच जातीची. तिच्यामागे कोण आहे हे पाहिल्याशिवाय आम्ही तिच्यावर हसत होतो. त्या बाईंच्या यजमानांना जाऊन चौदा वर्षे झाली; दोन मुलांची शिक्षणे अनारशांवर झाली.

दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनात आम्ही उत्तर दिले, हे सांगायचे राहिले. सुदामचरित्र पुन्हा लावता येत नव्हते, पण पूर्वरंगात विषय ओढून आणला आणि ऐंशीव्या अध्यायातला प्रसंग आहे तसा सांगितला. म्हणालो, काल आम्ही कांडले ते पोहे आमच्या पदरचे होते. संकल्प ज्याचा त्याचे दान. आणि ज्या हाताने पदार्थ केला त्या हाताला त्याचे मोल मिळाले तर दान उणे होत नाही, उलट दोन घरी पोचते. सभा नेहमीसारखी हसली नाही. बाई खांबाशी बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली की पदर सारखा केला, हे व्यासपीठावरून नीट दिसले नाही.

घरी मात्र निराळाच पेच उभा राहिला. अनारसे आता पुढच्या दाराने येणार हे ठरले. पण सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘सगळंच बाहेरून आलं तर दिवाळी आली हे घराला कळायचं कसं?’’ हा प्रश्न आमच्या सगळ्या पोथ्यांपेक्षा वजनदार होता. पाडव्याला आपण गोवर्धनाचे स्मरण करतो. त्या प्रसंगी भागवतात नंदाच्या गोकुळाला सांगितलेली पाकसिद्धी वाचावी: वरणापासून खिरीपर्यंत नानाविध पाक, अपूप, शष्कुल्या, आणि घरोघरचे सारे दूध. शष्कुली म्हणजे चकली की करंजी, यावर विद्वान भांडोत. कानाच्या वळणदार पाळीला आयुर्वेद कर्णशष्कुली म्हणतो, एवढ्यावरून आमचे मत चकलीकडे झुकते. मुद्दा असा की त्या दिवशी अवघे गोकुळ कामाला लागले आहे. एका यशोदेने एकटीने अन्नकूट रचलेला नाही.

म्हणून ठरले की चकली घरची. आणि ती आम्ही करायची.

सौभाग्यवती पाटावर बसून सांगत होत्या आणि आम्ही करीत होतो. तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, मूग डाळ एक, धणे आणि जिरे. प्रत्येक धान्य निराळे भाजायचे, कारण प्रत्येकाची आच निराळी. हरभरा डाळ लाल होईपर्यंत थांबले तर ती करपलेलीच असते, वास सुटताच उतरवावी लागते. ‘‘वास सुटला की’’ म्हणजे नेमके केव्हा, हे आम्ही तीनदा विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘सुटला की कळतं.’’ व्याकरणात आम्ही अशा उत्तराला गुण दिले नसते. पण कळले, दुसऱ्या घाण्याला कळले. पुस्तकात वाट्यांचे प्रमाण मिळते. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० पासून घरोघर आहे, आणि त्याआधी १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र’ लिहून ठेवला. हा वास मात्र हातातून हातात जातो, आणि आमच्या घरी तो हात वाकत चालला होता. सूनबाई शनिवार होता म्हणून बसल्या. नातू, वय वर्षे नऊ, सोऱ्यावर जोर लावायला आला. त्याच्या चकल्यांचे वळसे मोजून साडेतीन व्हायचे आणि शेवट कधी सापडायचा नाही. त्याने एक चकली विठोबाच्या कानातल्या मकरकुंडलांसारखी केली आणि ती देवापुढे ठेवायचीच असा हट्ट धरला.

पंजाएवढ्या त्या स्वयंपाकघरात चार तास आम्ही चौघे होतो. एवढा वेळ एकत्र बसल्याचे आम्हांस गेल्या कित्येक वर्षांत आठवत नाही. कंबर मात्र धरली. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाला बसताना सौभाग्यवतींनी पाठीला तेल चोळले आणि म्हणाल्या, ‘‘हे पन्नास चकल्यांत. मी दोनशे करत होते.’’

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. ताटात धणे, गूळ, लाह्या, बत्तासे. शेजारच्या वाटीत बाईंचे अनारसे, आमच्या चकल्या आणि सूनबाईंनी आणलेला खोक्यातला चिवडा, तेलाचा म्हणून तेलाचाच. मकरकुंडल मधोमध. लाडवांचे खोके नैवेद्यात घेतले नाही, मुलांनी खाल्ले.

भाऊबीज झाल्यावर बाईंचा रिकामा डबा परत द्यायला आम्ही स्वतः गेलो. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात आमच्या आठ चकल्या घातल्या होत्या. त्यांनी एक उचलली, मोडली. आवाज झाला नाही.

‘‘मऊ पडल्या,’’ आम्हीच म्हणालो. ‘‘मोहन जास्त झाले काय?’’

‘‘मोहन बरोबर आहे. भाजणीही चांगली आहे,’’ चकलीचा काटा निरखत त्या म्हणाल्या. ‘‘तेलातले बुडबुडे थांबायच्या आधी काढल्यात, बुवा. घाई केलीत.’’